घर बांधताना बांधकाम निरीक्षक: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात घर काढणाऱ्यांच्या तोंडी असलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी परवानाधारक अभियंता आहे. नकाशे दाखल करणं, जोता (पायावरचा, भिंती चढण्याआधीचा भाग) तपासून घेणं आणि भोगवटा (घर वापरायला लागणारा दाखला) मिळेपर्यंत फाइलच्या मागे राहणं हे माझं रोजचं काम. निरीक्षक साइटवर आला की लोक धास्तावतात. पण ज्या दिवशी त्याला आग्रहानं बोलवायला हवं, त्या दिवशी त्याची कुणाला आठवण होत नाही. तो दिवस जोत्याचा. म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम मोठं लिहिलं आहे.

बांधकाम निरीक्षक म्हणजे नेमका कोण?

या नावाची पाटी कार्यालयात बहुधा दिसणार नाही. महापालिकेत हे काम नगररचना विभागातले आणि विभागीय कार्यालयांतले कनिष्ठ अभियंते व सर्वेक्षक करतात. अनधिकृत बांधकामांवर लक्ष ठेवणारा तो बीट निरीक्षक आणि कारवाईचे अधिकार ज्याच्याकडे दिलेले असतात तो पदनिर्देशित अधिकारी. लोक सरसकट सगळ्यांना ‘नगररचनाचे साहेब’ म्हणतात. शहराची विभागीय कार्यालयं चार आहेत: गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. आपला प्लॉट कुठल्या विभागात येतो, ते घरफाळा भरता तिथे विचारलं की कळतं.

त्याचे अधिकार येतात महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ या दोन कायद्यांतून. मोजमापाचे नियम आहेत एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत. ती डिसेंबर २०२० पासून लागू आहे आणि सगळे तिला ‘युडीसीपीआर’ म्हणूनच ओळखतात.

साहेब येऊन गेले, म्हणजे बांधकाम मजबूत आहे असं समजायचं का?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे.

निरीक्षक मंजूर नकाशा हातात धरून जागेवरचं काम त्याच्याशी ताडून बघतो. पुढची, मागची आणि बाजूची सामासिक अंतरं (हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा) सोडली आहेत का, रस्तारुंदीच्या रेषेच्या आत बांधकाम आलं आहे का, मजले आणि उंची तेवढीच आहे का, पार्किंगच्या जागी दुकानाचा गाळा तर काढला नाही ना, जिना नकाशाप्रमाणे आहे का, हे तो पाहतो. काँक्रीटमध्ये सिमेंट किती पडलं, बारा एमएमच्या जागी दहाची सळई गेली का, हे खासगी घरात तो उभं राहून तपासत नाही. ती जबाबदारी स्ट्रक्चरल इंजिनिअरची आणि साइट सुपरवायझरची. त्यांच्या सह्यांची पत्रं फाइलला लागलेली असतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही आहे पण तो साइटवर कधी फिरकला नाही, असं तुमच्याकडे होत असेल तर निरीक्षकाच्या भेटीनं ती उणीव भरून निघणार नाही. प्रत्येक स्लॅबआधी सळई बघायला त्याला बोलवा आणि त्याची फी द्या. घराच्या एकूण खर्चात ती फी फार लहान असते.

जोता तपासणी एवढी महत्त्वाची का? गवंडी म्हणतोय, “पुढं काम चालू दे, साहेब येतील तवा येतील.”

गवंड्याचं ऐकू नका. जोत्यापर्यंत काम आलं की तुमच्या आर्किटेक्टनं किंवा अभियंत्यानं महापालिकेला तसं लेखी कळवायचं असतं. मग जागेवर येऊन मापं घेतली जातात आणि जोता तपासणीचा दाखला मिळतो. घराची चूक स्वस्तात दुरुस्त होण्याची ही शेवटची वेळ असते. कॉलम जोत्यापर्यंत आलेले असतात, भिंती चढलेल्या नसतात. कोपऱ्यातला एखादा कॉलम वीतभर बाहेर गेला असेल तर इंजिनिअर अजून तोडगा काढू शकतो. वर तीन स्लॅब पडल्यावर तेवढंच अंतर भोगवटा अडवून ठेवतं, आणि तेव्हा हातात फार थोडे पर्याय उरतात.

चुका कशा होतात हे बघितलं तर त्यात लबाडी कमी आणि गृहीत धरणं जास्त असतं. पहिली चूक हद्दीची. शेजारच्याची कंपाउंड भिंत हीच आपली हद्द, असं धरून मिस्त्री आखणी करतो. ती भिंत हद्दीवर असेलच असं नाही. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी अंदाजानं घातलेली असते. म्हणून आखणीच्या आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्या, ‘क’ प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हातात ठेवा आणि मोजणीच्या खुणा पक्क्या करा. खुंटी जेसीबीच्या फेऱ्यात उखडली जाते, तिथे दगड पुरा.

दुसरी चूक प्लास्टरची. सामासिक अंतर मोजलं जातं ते पूर्ण झालेल्या भिंतीपासून. मिस्त्री कॉलमच्या बाहेरच्या कडेपासून हद्दीपर्यंत काटेकोर अंतर ठेवतो. त्यावर वीट बाहेर येते, वीटेवर प्लास्टर येतं, आणि अंतर कमी भरतं. आखणीतच तेवढी जागा धरायला सांगा.

तिसरी चूक उंचीची. जोता रस्त्याच्या पातळीपासून मोजतात आणि आपल्याकडे डांबराचे थर चढत गेले की रस्ता वर येतो. नियमात बसणारा पण जेमतेम ठेवलेला जोता काही वर्षांत रस्त्याच्या बरोबरीला येतो आणि पावसाचं पाणी उंबऱ्यात. थोडा जास्त उंच जोता घेण्यात पैसा वाया जात नाही.

तपासणीच्या दिवशी मालकानं स्वतः हजर राहावं. मंजूर नकाशाची प्रत, प्रारंभ प्रमाणपत्र (काम सुरू करण्याची परवानगी), मोजणीची ‘क’ प्रत आणि मोठा टेप जागेवर असू द्या. मुरूम भराईचे ढीग हद्दीच्या खुणांवर टाकू नका, नाहीतर मापच घेता येत नाही. मापं घेताना आपणही वहीत लिहा, दोन्ही कर्ण मोजा, टेप दिसेल असे फोटो काढा. निरीक्षकानं काही उणीव दाखवली तर नम्रपणे म्हणा, “साहेब, तेवढं लिहून द्या.” तोंडी सूचना पुढच्या अधिकाऱ्यापर्यंत पोचत नाही.

स्लॅबची सेंट्रिंग (खालचा साचा आणि टेकू) चार दिवसांत काढली तर चालते का?

नाही. निरीक्षक हे बघायला येणार नाही, म्हणून मालकानंच आकडे पाठ करावेत. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटसाठी साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवायचे. बीमखालचे टेकू सहा मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१ दिवस. पाणी मारणं किमान ७ दिवस. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर १० दिवस. बाजारात आज बहुतेक पीपीसीच मिळतं, त्याला ताकद यायला वेळ जास्त लागतो, म्हणून घाई आणखीच वाईट.

कॉलमच्या सळईवर ४० मिलिमीटर कव्हर (सळईबाहेरचं काँक्रीट) आणि रिंगांची टोकं आत १३५ अंशात वळवलेली, या दोन गोष्टींवर मी अडून बसतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप या पट्ट्यानं अनुभवला आहे. ९० अंशात वळवलेली रिंग भूकंपाच्या हादऱ्यात उघडते आणि कॉलम सोडून देते.

आमचं घर पेठेत आहे. शेजाऱ्याची आणि आमची भिंत एकच. जुनं घर पाडताना निरीक्षकाचा संबंध येतो का?

येतो, आणि यायलाच हवा. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, गुजरीच्या आजूबाजूच्या गल्ल्या, इथली जुनी घरं एकमेकांना टेकून उभी आहेत. पांढऱ्या मातीच्या किंवा मातीत रचलेल्या विटांच्या भिंती, त्यात लाकडी खांब, वर कौलं किंवा पत्रा. मधलं घर काढलं की दोन्ही बाजूंच्या भिंतींचा आधार जातो. त्यात पाया खोदायला जेसीबी आणला आणि भिंतीच्या बुडाशी चार फूट खड्डा घेतला, की पावसाच्या पहिल्या झडीत ती भिंत खड्ड्यात येते. अशा ठिकाणी खाली उभा असतो तो मजूर, आणि भिंतीपलीकडे झोपलेलं असतं शेजाऱ्याचं कुटुंब.

म्हणून पाडकामाची आधी माहिती द्या. शेजाऱ्याच्या भिंतीचे, आधीपासून असलेल्या भेगांसकट, तारखेचे फोटो दोघांनी मिळून काढा आणि दोघांच्या सह्या घ्या. भिंत सामाईक आहे की एकट्याची, हे प्रॉपर्टी कार्ड, सिटी सर्व्हेचा नकाशा आणि जुनी खरेदीपत्रं बघून ठरवा. गल्लीतल्या जाणत्यांच्या आठवणीवर ठरवू नका. पाया एकदम सलग खोदायचा नाही. तुकड्या तुकड्यानं खोदायचा, एक तुकडा भरून झाला की पुढचा, आणि शेजारच्या भिंतीला तिरके टेकू. हे काम मे महिन्याच्या शेवटी सुरू करू नका. दिवाळीनंतर करा.

शेजारी धोका दिसत असेल तर शेजाऱ्यानंही गप्प बसू नये. विभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या. निरीक्षक येऊन काम थांबवू शकतो, टेकू द्यायला लावू शकतो. भिंत कुणाच्या मालकीची हा वाद मात्र तो सोडवणार नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयच.

अंबाबाई मंदिराच्या परिसरात किंवा अन्यत्र एखादी वास्तू वारसा यादीत असेल, तर तिला हात लावण्याआधी वेगळी परवानगी लागते. ते पाडकामाच्या आधी विचारा.

प्लॉट पूररेषेत आहे असं म्हणतात. निरीक्षकानं मनावर घेतलं तर परवानगी मिळते का?

त्याच्या मनावर काहीच नाही. रेषा जलसंपदा विभागानं आखलेली असते. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला भाग निषिद्ध क्षेत्र: तिथे बाग, मोकळं पार्किंग, मोकळा बाजार अशा गोष्टी चालतात, घर चालत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला भाग नियंत्रित क्षेत्र: तिथे लाल रेषेच्या पातळीच्या ०.४५ मीटर वर उंची ठेवून बांधकामाला परवानगी मिळू शकते. अशा प्लॉटवर जोता तपासणीत निरीक्षक ही पातळीही बघतो, म्हणून लेव्हल मशिननं घेतलेली आणि समुद्रसपाटीपासून मांडलेली पातळी नकाशावर असायला हवी.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची फुटातली पातळी आणि आपल्या घराची पातळी यांची लोक सरमिसळ करतात. बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ फुटांच्या वर. ते आकडे बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचे. तुमच्या अंगणात किती पाणी येईल हे त्यावरून थेट निघत नाही.

“२०१९ ला आमच्या दारात पाणी आलं नव्हतं” हेही कारण पुरेसं नाही. नागाळा पार्क, रमणमळा, बापट कॅम्प, सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, जयंती नाल्याच्या काठची वस्ती, इथे पाणी नदीच्या बाजूनंच येतं असं नाही. पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी उलटं आत शिरतं. मग एखाद्यानं आपला प्लॉट भराव टाकून उंच केला, तर त्याच्या जागेत मावणारं पाणी शेजारच्या घरात जातं. म्हणून निळ्या रेषेच्या आत मुरमाचे डंपर रिकामे होताना दिसले तर तक्रार जरूर करा. माझ्या मते या शहरात निरीक्षकाच्या कामाला सर्वांत मोठा अर्थ इथेच आहे. एक डंपर रोखला, तर खालच्या गल्लीतल्या किती घरांच्या चुली सुरू राहतील!

प्लॉट घेण्याआधी नगररचना विभागातून झोन दाखला घ्या आणि त्यात पूररेषेचा उल्लेख मागा. एजंटच्या मोबाइलवरच्या नकाशावर इसार देऊ नका.

पूर ओसरल्यावर घरात लगेच राहायला जायचं का?

मातीचं किंवा मातीत बांधलेलं घर असेल तर थांबा. भिजलेली भिंत पाणी असताना उभी राहते आणि ऊन पडून सुकायला लागली की बसते. भिंत फुगलेली, जोत्यापासून सुटलेली, दरवाजा अचानक अडकायला लागलेला दिसला तर आत झोपू नका आणि विभागीय कार्यालयाला कळवा. नुकसानीचा पंचनामा झाला म्हणजे घर राहण्याजोगं आहे असा अर्थ होत नाही. पंचनामा मदतीसाठी असतो. घर सुरक्षित आहे का, ही तपासणी वेगळी, ती वेगळी मागायची.

कशाला परवानगी लागत नाही?

रंग, प्लास्टर, फरशी बदलणं, त्याच उंचीवर कौलं किंवा पत्रे बदलणं, भार पेलणाऱ्या भागाला हात न लावता केलेली डागडुजी. गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून कायमचं शेड घालणं यात येत नाही, पावसासाठी असलं तरी.

दीड हजार चौरस फुटांपर्यंत परवानगीच लागत नाही, हे खरं का?

अर्धं खरं. नव्या नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर परवानाधारकानं प्रमाणित केलेला नकाशा आणि भरलेल्या शुल्काची पावती यालाच परवानगी मानलं जातं. १५० ते ३०० चौरस मीटरला १० दिवसांत परवानगीची सोय आहे. नियम मात्र तेच राहतात. फक्त जबाबदारी आर्किटेक्टच्या आणि तुमच्या अंगावर येते. “परवानगी नको” म्हणून कागदच न देता सुरू केलेलं घर अनधिकृतच.

गुंठेवारीतल्या (मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या) प्लॉटचं आधी नियमितीकरण लागतं. २००१ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी त्यात आली. त्यानंतर पाडलेल्या तुकड्यावर पैसे टाकू नका.

काम थांबवण्याची नोटीस आली. आता?

काम थांबवा. नगररचना अधिनियमाच्या कलम ५४ ची नोटीस चालू काम थांबवण्यासाठी, कलम ५३ ची झालेलं बांधकाम काढण्यासाठी. रात्रीत स्लॅब भरून टाकायचा सल्ला देणारे हितचिंतक भेटतील. त्या स्लॅबमुळे तुमची बाजू पूर्ण पडते. विनापरवाना विकासाला कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे.

नोटिशीवरची तारीख, कलम आणि वर्णन केलेला भाग वाचा. मंजूर नकाशात असलेल्या गोष्टीवर नोटीस आली असेल तर पुराव्यासह लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. फरक नियमात बसणारा असेल तर सुधारित नकाशा दाखल करता येतो. सर्वोच्च न्यायालयानं १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सांगितलं आहे की पाडण्याआधी कारणे दाखवा नोटीस आणि किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायला हवी, स्थानिक कायद्यात जास्त मुदत असेल तर ती. रस्ता, पदपथ, नदी अशा सार्वजनिक जागांवरच्या बांधकामांना हे संरक्षण नाही.

परवानगीच नाकारली असेल तर कलम ४७ खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं.

अनधिकृत भागावरही घरफाळा घेतात. म्हणजे तो नियमित झाला ना?

नाही. कर आणि शास्ती (दंड) भरली तरी बांधकाम अनधिकृतच राहतं.

पावसाळ्याआधी ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस लागली. आम्ही भाडेकरू आहोत.

इमारतींचे चार वर्ग करतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहते ठेवून दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. आपली इमारत कशात आहे आणि कुठल्या अहवालावरून, हे लेखी विचारा. शंका असेल तर महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्वतंत्र तपासणी करून घ्या. तीस वर्षांवरच्या इमारतीची अशी तपासणी मालकानं किंवा वापरणाऱ्यानं करून घेणं कायद्यानं बंधनकारक आहेच.

घर सोडलं की हक्क गेला, या भीतीनं माणसं पडक्या माडीवर राहतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे की इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. आपल्या ताब्यातल्या जागेचं क्षेत्रफळ मोजून दाखला मागा, भाडेपावत्या आणि लाइट बिलं सांभाळा, आणि सी-१ असेल तर जून उजाडायच्या आत बाहेर पडा.

बिल्डर किल्ली देतोय, पण भोगवटा ‘येतोय’ म्हणतोय.

भोगवटा प्रमाणपत्राशिवाय किल्ली घेऊ नका. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं वीज-पाण्याची जोडणी आणि बँकेचं कर्ज देतानाही हा दाखला बघण्याचे निर्देश दिले आहेत. बांधकाम चालू असताना मंजूर नकाशा साइटवर लावायचा आणि अधिकाऱ्यांनी वेळोवेळी पाहणी करून नोंद ठेवायची, हेही त्यातच आहे. त्या नोंदींची प्रत माहिती अधिकारात मागता येते.

निरीक्षकानं किंवा त्याच्या नावानं कुणी पैसे मागितले तर?

देऊ नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. दबावाखाली पैसे द्यावेच लागले असतील, तर सात दिवसांच्या आत कळवणाऱ्याला कायद्यात संरक्षण आहे. पुष्कळदा मागणारा निरीक्षक नसतोच, मधला कुणीतरी असतो. ओळखपत्र मागा. प्रत्येक शुल्काला पावती असते; पावती नसलेली रक्कम शुल्क नव्हे. मनापासून काम करणारे अधिकारी या शहरात आहेत, त्यांच्या नावावर असे पैसे गोळा होऊ देऊ नका.

आमच्या गल्लीतला नवा रस्ता उखडला. तोही निरीक्षकच बघतो का?

तो वेगळा विभाग. तिथला कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंदी करतो, त्यावर बिल निघतं. दोष दायित्व कालावधी किती आहे ते विचारा. त्या मुदतीत दुरुस्ती ठेकेदारानं स्वखर्चानं करायची.

घर महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. कुणाकडे जायचं?

शहराला लागून असलेल्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. गाव त्यात आहे का, जागा गावठाणात आहे की बाहेर, हे आधी बघा, कारण अर्ज कुठे करायचा ते त्यावर ठरतं. उजळाईवाडी विमानतळाच्या आसपास उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाची ना-हरकतही तपासा.

कळवूनही कोणी तपासणीला येत नाही. काय करायचं?

जोता तयार झाल्याची सूचना ज्या तारखेला दिली तिची पोच काढा. ऑनलाइन दिली असेल तर तिचा क्रमांक. मग विभागप्रमुखांच्या नावे एक पानाचं पत्र द्या: प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक, सिटी सर्व्हे नंबर, सूचनेची तारीख, आणि “जागेवर तपासणी होऊन दाखला मिळावा” एवढी एकच मागणी. त्यात दुसऱ्या तक्रारी घालू नका. तरीही हालचाल नसेल तर ही सेवा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित आहे का ते बघून अपील करा, आणि माहिती अधिकारात अर्जावरच्या कार्यवाहीची नोंद मागा. तिला ३० दिवसांची मुदत आहे. दरम्यान आर्किटेक्टकडून जोत्याच्या मापांचा सही-शिक्क्याचा अहवाल आणि फोटो तयार ठेवा, आणि तो अहवाल होईपर्यंत मुरूम भराई करू नका.